शेकोटीच्या लाकडातून घडलेली गिटार

जबलपूर शहराच्या विजय नगर भागात एखाद्या उत्सवाच्या संध्याकाळी वाद्यवृंदाची तयारी चाललेली असते. व्यासपीठावरचा एक तरुण विद्युत् गिटारच्या तारा जुळवीत असतो. वाद्य अद्याप विजेच्या उपकरणाला जोडलेले नसते, आणि त्यामुळे तारा छेडल्या तरी त्यांचा आवाज दहा पावलांवर उभ्या असलेल्या मुलांनाही धड ऐकू येत नाही. मग तो तरुण वाद्याला एक केबल जोडतो, तिचे दुसरे टोक शेजारच्या खोक्यात बसवितो, पुन्हा तीच तार छेडतो, आणि सारे मैदान नादाने भरून जाते. तार तीच, बोट तेच, मग हा नाद आला कोठून? सतार, वीणा किंवा साधी गिटार यांत पोकळ भोपळा अथवा लाकडी पेटी तारेचा आवाज वाढविते. विद्युत् गिटारच्या कित्येक प्रकारांत तर पोकळी मुळीच नसते. असते ती केवळ लाकडाची जाड फळी.

या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत सूत्ररूपाने मिळते. परंतु ज्याने ते उत्तर स्वतःच्या हातांनी पडताळून पाहिले, अशा एका विद्यार्थ्याच्या कथेतून ते अधिक स्पष्ट होते. हा विद्यार्थी म्हणजे ब्रायन मे. पुढे तो ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचा गिटारवादक म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. जगभरच्या दौऱ्यांत त्याची मुख्य गिटार एकच राहिली, आणि ती त्याने आपल्या वडिलांच्या साहाय्याने घरीच बनविली होती.

पाचगणीतील शाळा

या कथेचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. क्वीन वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे मूळ नाव फरोख बलसारा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात झाला. शिक्षणासाठी त्याला लहानपणीच सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे सेंट पीटर्स शाळेत ठेवण्यात आले. तेथे तो पियानो शिकला आणि १९५८ च्या सुमारास चार मित्रांसह त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा शालेय वाद्यवृंद उभा केला. या मुलांपाशी मंद्र स्वरासाठी रीतसर वाद्य नव्हते. चहाच्या रिकाम्या खोक्याला दांडा आणि तार लावून त्यांनी ती उणीव भरून काढली. खोके हीच त्या वाद्याची नादपेटी होती.

याच सुमारास हजारो मैल दूर, लंडनजवळच्या हॅम्पटन गावी ब्रायन मे वाढत होता. त्याचा जन्म १९ जुलै १९४७ चा. हे दोन मुलगे पुढे लंडनमध्ये भेटले आणि १९७० मध्ये क्वीनची स्थापना झाली. बाजारातील वाद्य मिळत नसेल तर हाताशी असलेल्या वस्तूतून ते घडवावे, ही वृत्ती पाचगणीच्या शाळेत होती, तशीच हॅम्पटनच्या घरातही होती.

पिता व पुत्र

ब्रायनचे वडील हॅरल्ड मे हे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते व विमानोड्डाणविषयक सरकारी खात्यात काम करीत. विद्युत् उपकरणे घरी बांधण्याची त्यांना हौस होती. मुलाला अमेरिकन बनावटीची विद्युत् गिटार हवी होती, परंतु तिची किंमत शंभर पौंडांहून अधिक होती आणि तेवढा पैसा घरात नव्हता. तेव्हा दोघांनी १९६३ च्या ऑगस्टमध्ये स्वतःच गिटार बनवावयास घेतली. हे काम १९६४ च्या अखेरीपर्यंत चालले. एकूण खर्च सुमारे ८ पौंड आला.

गिटारच्या दांडीसाठी लागणारे महोगनी लाकूड एका परिचितांच्या घरातील जुन्या शेकोटीच्या चौकटीतून मिळाले. ते शंभर वर्षांहून अधिक जुने होते, आणि त्याला कीड लागून भोके पडली होती. ती भोके ब्रायनने आगपेटीच्या काड्या खुपसून बुजविली. जुने लाकूड पूर्ण वाळलेले असल्यामुळे ते पुढे वाकत वा फुगत नाही, हा त्याचा मोठाच गुण. वाद्याच्या मधल्या भागासाठी जुन्या ओक टेबलाचे लाकूड वापरले, आणि वरून महोगनीचा पातळ पापुद्रा चिकटविला. दांडीवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याची बटणे उपयोगी पडली. वाद्याला तांबूस रंग असल्यामुळे पुढे त्याला ‘रेड स्पेशल’ असे नाव पडले.

दांडीवर २४ पडदे आहेत. सतारीचे पडदे सरकविता येतात. गिटारचे पडदे मात्र लाकडात कायमचे बसविलेले असतात, म्हणून त्यांची जागा आधीच अचूक ठरवावी लागते. या गिटारच्या तारेची कंप पावणारी लांबी २४ इंच, म्हणजे सुमारे ६१ सेंटिमीटर आहे. सप्तकाचे बारा समान भाग करावयाचे, तर प्रत्येक पडद्यागणिक कंपनसंख्या सुमारे १·०५९ पट झाली पाहिजे, आणि तारेची लांबी त्याच प्रमाणात कमी झाली पाहिजे. हिशेब केला असता पहिला पडदा वरच्या टोकापासून सुमारे ३·४ सेंटिमीटरवर येतो, बारावा बरोबर मध्यावर, आणि चोविसावा घोडीपासून ६ इंचांवर. एक मिलिमीटरची चूक झाली तरी वरच्या पडद्यांवर ती कानाला खुपते.

तार, चुंबक आणि वेटोळे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलू लागले म्हणजे वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण होतो. या घटनेला विद्युत् चुंबकीय प्रवर्तन म्हणतात. वीजनिर्मिती केंद्रातील प्रचंड जनित्र याच तत्त्वावर चालते, आणि गिटारचे ‘पिकअप’ नावाचे लहानसे साधनही याच तत्त्वावर चालते.

पिकअपमध्ये एक किंवा अधिक स्थिर चुंबक असतात, आणि त्यांच्याभोवती केसाहूनही बारीक अशा तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वर पोलादी तार ताणलेली असते. चुंबकाच्या सान्निध्याने ती तारही किंचित चुंबकित होते. ती कंप पावू लागली म्हणजे वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र तारेच्या तालावर कमीअधिक होते, आणि व्होल्टच्या लहानशा अंशाइतका विद्युत् दाब उत्पन्न होतो. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, म्हणून हा दाबही सेकंदाला ८२ वेळा वरखाली होतो. विवर्धक हे उपकरण त्या क्षीण लहरीला बळ देते, आणि ध्वनिवर्धकाचा कागदी शंकू हवेला त्याच तालावर ढकलू लागतो. यावरून दिसेल की, मैदानात ऐकू येणारा नाद तारेतून सरळ हवेत गेलेला नसतो. तारेची गती आधी विजेत रूपांतरित होते, आणि विजेची पुन्हा गतीत. तार नायलॉनची असती, तर हे साधन मुके राहिले असते.

या तत्त्वावरची पहिली यशस्वी गिटार अमेरिकेत जॉर्ज बोशां यांनी १९३१ च्या सुमारास तयार केली. ब्रायन मे याने याच तत्त्वावर आपले पहिले पिकअप स्वतःच गुंडाळले. बाजारात मिळणारे लहान चुंबक त्याने घेतले, तार गुंडाळण्याचे यंत्र घरीच केले, आणि वेढ्यांची मोजदाद ठेवण्याची सोयही त्यात केली. वाद्य वाजू लागले. परंतु त्यात एक दोष निघाला. तार बोटाने बाजूला खेचून स्वर चढविला की एक विचित्र खरखर ऐकू येई. कारण असे की, शेजारशेजारच्या चुंबकांचे ध्रुव एकाआड एक उलटे होते, आणि तार एका ध्रुवावरून दुसऱ्यावर सरकताच चुंबकीय क्षेत्राची दिशा बदलत असे. दोष कोठे आहे हे समजल्यावर त्याने बर्न्स या इंग्रज उत्पादकाची तीन पिकअप विकत आणली. घरी केलेले पिकअप निरुपयोगी ठरले खरे. पण त्या अपयशातून जे ज्ञान मिळाले, ते विकत मिळण्यासारखे नव्हते.

तीन पिकअप, सहा कळा

एकाच गिटारवर तीन पिकअप कशासाठी? छेडलेली तार केवळ एका स्वरात कंप पावत नाही. मूळ स्वराबरोबरच तिच्यात दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्यांचे उपस्वर असतात. प्रत्येक उपस्वराचे तारेवर काही निश्चल बिंदू असतात. तारेच्या चौथ्या भागावर पिकअप ठेवले, तर चौपट कंपनसंख्येच्या उपस्वराचा निश्चल बिंदू तेथेच येतो, आणि तो उपस्वर त्या पिकअपला ‘ऐकू’ येत नाही. घोडीजवळच्या पिकअपला उच्च उपस्वर अधिक मिळतात, म्हणून तेथला आवाज धारदार असतो. दांडीजवळच्या पिकअपचा आवाज गोल व मऊ असतो.

रेड स्पेशलच्या प्रत्येक पिकअपला दोन कळा आहेत. एका कळेने ते चालू वा बंद करता येते. दुसरीने त्याच्या लहरीची दिशा उलटविता येते. दोन पिकअप एकाच दिशेने जोडली तर त्यांच्या लहरींची बेरीज होते. एकाची दिशा उलटविली तर वजाबाकी होते. दोहोंत समान असलेला मूळ स्वर बराचसा नाहीसा होतो, आणि फरकापुरते उच्च उपस्वर शिल्लक राहून आवाज पातळ व तीक्ष्ण होतो. अशा रीतीने शाळेतील बेरीज-वजाबाकीच येथे कानाला ऐकू येते.

वाद्याच्या अंगात काही पोकळ्याही मुद्दाम ठेवलेल्या आहेत. ध्वनिवर्धकाचा आवाज वाद्यावर आदळून तारांना पुन्हा हलवील, आणि छेडलेला स्वर विरून न जाता टिकून राहील, असा त्यामागचा हेतू. सभेत ध्वनिक्षेपक ध्वनिवर्धकासमोर आला की जी किंकाळी ऐकू येते, तिचे कारण हेच आहे. तारेतून होणारा हा ‘फीडबॅक’ वादकाला हवा असतो; पण पिकअपच्या वेटोळ्यातील सैल वेढे हलून होणारी किंकाळी नको असते. म्हणून ब्रायनने ती वेटोळी अ‍ॅराल्डाइटमध्ये घट्ट बसवून टाकली.

सुरीची धार

तारेचा ताण चौपट केला की तिची कंपनसंख्या दुप्पट होते. म्हणजे ताण थोडा कमीअधिक केला, तर स्वर उतरविता-चढविता येतो. यासाठी विद्युत् गिटारला एक हालती घोडी आणि तिला जोडलेला दांडा असतो. अडचण एवढीच की, दांडा सोडल्यावर घोडी पूर्ववत् जागी आली नाही तर सर्व तारा बेसूर होतात. त्या काळच्या अनेक गिटारांत हा दोष होता. याचे मूळ घर्षणात आहे हे मे पितापुत्रांनी ओळखले.

प्रयोगशाळेतील रासायनिक तराजू ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ठाऊक असेल की त्याची दांडी एका तीक्ष्ण धारेवर टेकलेली असते. घर्षण कमी असल्यामुळे ती दरवेळी त्याच जागी स्थिर होते. हीच युक्ती येथे वापरण्यात आली. हालती घोडी कठीण पोलादाच्या सुरीसारख्या धारेवर टेकविली. सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ३५ ते ४० किलोग्रॅम भाराइतका असतो. तो तोलून धरण्यासाठी १९२८ सालच्या पँथर मोटारसायकलच्या इंजिनातील झडपांच्या दोन स्प्रिंगा बसविल्या. तारा घोडीवर जेथे टेकतात तेथे लहान फिरत्या चकत्या ठेवल्या, म्हणजे तारा घासण्याऐवजी त्यांवरून सरकतात. दांड्यासाठी सायकलच्या पिशवीचा आधार घेतला, आणि त्याच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा बसविला.

मिरजेची जवारी आणि रामन यांचे संशोधन

घर्षण आणि स्पर्श यांचे महत्त्व आपल्याकडील कारागिरांनीही फार पूर्वी ओळखले आहे. मिरजेतील शिकलगार घराण्यांचा मूळ धंदा शस्त्रांना धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांच्यासारख्या कारागिरांनी तंतुवाद्ये दुरुस्त करण्यास व पुढे घडविण्यास आरंभ केला, आणि मिरजेचा तंबोरा देशभर पोहोचला. पंढरपूरच्या परिसरातील मोठे भोपळे या कामासाठी आणले जातात. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

तंबोऱ्याची घोडी सपाट दिसते, पण तिला अत्यंत सूक्ष्म उतार असतो. तार तिला ओझरता स्पर्श करीत कंप पावते, आणि तारेखाली सुताचा धागा योग्य जागी सरकविला की झंकार उमलतो. यालाच जवारी म्हणतात. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्या उपस्वरांचा निश्चल बिंदू असेल ते उपस्वर उमटत नाहीत, असा युरोपात मान्य झालेला नियम होता. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले की, तंबोरा आणि वीणा हा नियम पाळीत नाहीत; जे उपस्वर गैरहजर असावयास हवेत, तेही त्यांत स्पष्ट ऐकू येतात. याचे कारण त्यांच्या विशिष्ट आकाराच्या घोडीत आहे. ज्या गोष्टीला कारागीर हाताच्या अनुभवाने पोहोचला होता, तिला शास्त्रज्ञाने मोजमापाने दुजोरा दिला.

ब्रायन मे यालाही या झंकाराचे आकर्षण होते. त्याच्यापाशी एक स्वस्त साधी गिटार होती. तिच्या घोडीत त्याने असे फेरफार केले की तार ओझरती घासून सतारीसारखा नाद देई. १९७४ च्या ‘क्वीन २’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘व्हाइट क्वीन’ या रचनेत हा नाद ऐकावयास मिळतो.

दौऱ्यावरचे सोबती

दौरा हा वाद्याची खरी परीक्षा पाहणारा प्रसंग होय. आज थंड हवेत, उद्या दमट हवेत. दिवसा वाहनात, रात्री प्रखर दिव्यांखाली. ही गिटार एकमेव होती. ती हरवली वा मोडली असती तर दुकानातून दुसरी आणता आली नसती. म्हणून तिच्याबरोबर राखीव वाद्ये नेली जात. जॉन बर्च या कारागिराने १९७० च्या दशकात तिची एक प्रतिकृती केली होती. काही रचनांसाठी वेगळ्या नादाची गरज असे: ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ साठी फेंडर कंपनीची टेलिकास्टर गिटार, आणि ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ साठी बारा तारांची साधी गिटार व्यासपीठावर येई. पण मुख्य वाद्य तेच राहिले. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात तेच वाजले, आणि ३ जून २००२ रोजी बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावरही तेच वाजले.

तारा छेडण्यासाठी तो प्लास्टिकच्या नखीऐवजी सहा पेन्सचे नाणे वापरतो. ते वाकत नाही, आणि त्याच्या कडेचे बारीक दाते तारेला घासून स्वराच्या आरंभी किंचित खरखरीत धार देतात. हे नाणे ब्रिटनमध्ये १९८० मध्ये चलनातून गेले. गिटारच्या तारांवर मात्र ते चालूच राहिले. तीन दशकांच्या वापराने झिजलेल्या या गिटारची १९९८ मध्ये ग्रेग फ्रायर या ऑस्ट्रेलियन कारागिराने काळजीपूर्वक दुरुस्ती केली.

पित्याची नाराजी

ज्या वडिलांनी गिटार बनविण्यास मदत केली, त्यांनाच तिचा परिणाम मान्य नव्हता. ब्रायनने लंडनच्या इंपीरियल कॉलेजात भौतिकी व गणिताचे शिक्षण घेतले होते, आणि १९७० पासून तो खगोलभौतिकीत संशोधन करीत होता. सूर्यमालेतील धुळीवरून परावर्तित होणाऱ्या फिकट प्रकाशाचा अभ्यास हा त्याचा विषय. १९७४ च्या सुमारास त्याने प्रबंध अपुरा ठेवला व वाद्यवृंदाबरोबर दौऱ्यावर गेला. इतक्या परिश्रमाने मिळालेले शिक्षण मुलाने वाऱ्यावर सोडले, असे हॅरल्ड मे यांना वाटले, आणि काही काळ दोघांत बोलणेही जवळजवळ बंद झाले. पुढे मुलाने त्यांना कॉन्कॉर्ड विमानाने न्यूयॉर्कला नेले. या विमानाच्या साधनांवर हॅरल्ड यांनी स्वतः काम केले होते, परंतु त्यातून प्रवास कधी केला नव्हता. तेथील मॅडिसन स्क्वेअर गार्डन सभागृहात हजारो लोकांपुढे आपण दोघांनी घडविलेले वाद्य वाजताना त्यांनी ऐकले, आणि त्यांचा रोष ओसरला. १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले.

अपुरा राहिलेला प्रबंध ब्रायन मे याने २००७ मध्ये, म्हणजे तीन दशकांहून अधिक काळानंतर पूर्ण करून डॉक्टरेट मिळविली. तो दिवस पाहण्यास वडील हयात नव्हते.

एक सोपा प्रयोग

या वाद्याचे तत्त्व पडताळून पाहण्यास गिटारचीही गरज नाही. विजय नगरमधील, किंवा कोणत्याही गावातील शाळेच्या प्रयोगशाळेत ते पाहता येईल. एका फळीवर दोन खिळे ठोकून त्यांच्यामध्ये बारीक पोलादी तार ताणून बसवावी. लोखंडी बोल्टवर मुलामा दिलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारभर वेढे द्यावेत, आणि बोल्टच्या बुडाशी एक चुंबक चिकटवावा. बोल्टचे डोके तारेखाली, तिला न चिकटता, दोनतीन मिलिमीटर अंतरावर ठेवावे. वेटोळ्याची दोन टोके बॅटरीवर चालणाऱ्या लहान विवर्धकाला जोडून तार छेडावी. घरातील विजेच्या प्रवाहाशी मात्र या मांडणीचा संबंध कदापि येऊ देऊ नये.

यानंतर वेटोळे तारेच्या मध्यावर, मग टोकाजवळ सरकवून आवाजात काय फरक पडतो ते टिपून ठेवावे. पोलादी तारेऐवजी तांब्याची तार लावून काय होते तेही पाहावे. पहिल्या प्रयत्नात केवळ खरखर ऐकू आली, तर वेढे सुटले आहेत काय, जोडणी सैल आहे काय, आसपास विजेची तार आहे काय, हे एकेक करून तपासावे. ब्रायन मे याचे पहिले पिकअपही सदोषच निघाले होते.